तोरणमाळची हवा अमळनेरला

डोंगरावर जाऊन एक रिकामी बाटली बूच लावून खाली आणायची, एवढ्या कामासाठी मी चिपळूणहून अमळनेरला गेलो, असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. काढा! ताईच्या नवऱ्याने सांगितलं की साल्याला नाही म्हणायची सोय नसते.

दाजींनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. खाटेवरून मलाही शिकवलं. "आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं टॉरिचेलीचं म्हणणं. देकार्तसारखा बुद्धिमान माणूस म्हणे, नळीतल्या पाऱ्यावर पोकळी असूच शकत नाही. वाद मिटेना! मग पास्कालने डोंगरावर पाऱ्याची नळी पाठवली. स्वतः आजारी होता, म्हणून मेहुण्याच्या हाती. वर हवेचा भार कमी, पारा खाली उतरला. पोथीत काय लिहिलंय ते सोड, चढून बघ, हीच त्या लोकांची शिकवण."

"आणि आता मेहुण्याच्या जागी मी," मी म्हणालो.

"तुझ्या हाती पारा कोण देईल? प्लास्टिकची बाटली पुरे. वर बंद केलीस तर खाली येईपर्यंत चेपेल. मी फक्त फळ्यावर दाखवलं रे, डोळ्यांनी कधी पाहिलं नाही."

परवा सकाळी त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी नाशिकला न्यायचं होतं. "महिनाभर 'आता काय राहिलंय' एवढंच बोलतात," ताई दाराशी हळूच म्हणाली. "आज पहिल्यांदा काही मागितलं. जा बाबा."

अमळनेरहून रेल्वेने दोंडाईचा, तिथून एसटीने शहादा. दोंडाईच्यात वाळत घातलेल्या मिरच्यांनी शिंकून शिंकून जीव गेला. शहाद्यापुढे काळी-पिवळी जीपमधून सातपुडा चढून तोरणमाळला पोचलो. वळणावळणाला दाजींसाठी नव्या शिव्या मनात जुळवत होतो. पण वर तलावाकाठी गार वारा अंगाला लागला आणि शिव्या पोटातच राहिल्या. रात्र तिथेच काढून सकाळी बाटली हवेत फिरवून बूच आवळलं.

उतरताना बाटलीने खरंच अंग चोरायला सुरुवात केली. पायथ्याशी तर गालफडं बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसू लागली. मला लहान मुलासारखा आनंद झाला हो!

पायथ्याची चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांनी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा पुढे केला. मी हात धुऊन परत येतो तो बाटली फुगलेली, काठोकाठ पाण्याने भरलेली!

"तुनी बाटली रिकामी व्हती, भाऊ. भरी दिनी," अक्का कौतुकाने म्हणाल्या. (म्हणजे भरून दिली.)

मी भाकरी बाजूला सारली. त्यांना सगळं सांगितलं. दाजी, ऑपरेशन, उद्याची सकाळ. हसतील असं वाटलं होतं. पण त्या पदराला हात पुसत रस्त्यावर गेल्या आणि वर निघालेली जीप अडवली.

"याले वर लई जा. हवा आननी शे, याना दाजीसाठे." (म्हणजे याला वर घेऊन जा, दाजींसाठी हवा आणायची आहे.)

जीपमधला एकही माणूस हसला नाही. एकाने मांडीवरचं गाठोडं टपावर टाकून मला जागा दिली. वर पोचल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "भरा निवांत, मी थांबतो." या माणसांना माझं नावही ठाऊक नव्हतं. त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

पाणी ओतून, पुन्हा हवा भरून उतरलो आणि रात्री दोंडाईच्यात मुक्काम केला. पहाटेची गाडी उशिरा आली आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. अमळनेरला धावतपळत घरी पोचलो, तर दारात मोटार उभी, पिशव्या आत, दाजी पुढच्या सीटवर. मी खिडकीतून बाटली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. चेपलेल्या भागावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"बूच उघडा दाजी, फुस्स आवाज येईल," मी म्हणालो.

"छट्! आत्ता कशाला?" त्यांनी बाटली ताईकडे दिली. "घरात कपाटावर ठेव. कुणी हात लावायचा नाही. आल्यावर मी उघडीन."

ताई बाटली घेऊन आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.