चढावरचा हलता स्टॉप

आमच्या चढावरच्या बसस्टॉपचे किस्से एवढे झालेत, की दहावीच्या पेपरात तेवढेच विचारले असते तर मी पण पास झालो असतो.

सुरुवात साहेबापासून. शहर बसच्या ऑफिसातून आला. म्हणाला, दोन स्टॉपमध्ये पाचशे मीटर पायजेत. तुमचा वरचा स्टॉप तीनशेवरच आहे, रद्द! हमीदाखाला रोज तिथून बंदरावर जाते आणि मासळीची भरली पाटी घेऊन तिथेच उतरते. गुडघे गेलेत तिचे. तिने विचारलं, पाटी घेऊन हा चढ कशी चढू? साहेबाने मोबाईलवर नकाशा दाखवला.

"बघा, सपाट आहे."

*

खाला हटेना, म्हणून पंधरा दिवसांची ट्रायल. पत्र्याचा बोर्ड, खाली सिमेंट भरलेला रंगाचा डबा. जिथे गर्दी, तिथे स्टॉप पक्का. दुपारीच बोर्ड खालच्या अंगाला, सावंतसरांच्या गेटसमोर! सर म्हणाले, वाऱ्याने सरकला असेल. तो वारा म्हणजे मी आणि माझा दोस्त मोहसीन. सरांनी आम्हाला कोकम पाजलं होतं.

*

मग सरांना कळलं, की स्टॉप आला की माणसं पण येतात. गेटाजवळच्या दगडी गडग्यावर बसतात, कलमाखालचे आंबे उचलतात. सरांनी परत कोकम पाजलं. बोर्ड शेजाऱ्यांच्या गेटवर!

*

साहेब गर्दी मोजायला येणार होता, त्या दिवशी आम्ही खालासाठी बोर्ड परत वर नेला आणि अख्खी क्रिकेट टीम तिथे उभी केली. साहेब खूश. बस आली, थांबली, एकटी खाला चढली. साहेबाने वहीत लिहिलं, "गर्दी भरपूर. प्रवासी एक."

*

शेवटच्या दिवशी बोर्डच गायब. आईशप्पथ, यात मी नव्हतो. साहेब चाक लावलेली मोजायची काठी ढकलत खालच्या स्टॉपपासून चालत वर आला. शर्ट भिजलेला, दम लागलेला. काठीवरचा आकडा न बघताच म्हणाला, "पाचशे असतील."

मग विचारलं, स्टॉप कुठाय? तेवढ्यात बस आली. ड्रायव्हर तांबेमामांनी खिडकीतून खालाकडे बोट केलं.

"ती काय, उभी आहे."

साहेब चाक घेऊन खालाच्या पायाशी गेला. ऊन लागत होतं म्हणून खाला दोन पावलं फणसाच्या सावलीत सरकली. चाक पण सरकलं. ती अजून सरकली. चाक मागोमाग.

"खाला, जरा हलू नका. इथे स्टॉप पक्का करतोय."

खालाने रिकामी पाटी खाली ठेवली.

"किती दिवस?"