माइक बघायला गेलेले अब्बा

आवडता स्टँडअप कलाकार कोण, असं कुणी विचारलं तर हल्ली मी विषय बदलते. पूर्वी तसं नव्हतं. यवतमाळहून लोहारा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कॉलेजातून आले की मी तिथे फोन उभा करून व्हिडिओ लावायची. मी बघायची आणि अब्बा तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता ऐकायचे. स्वतःच्या टकलावर विनोद करणारा एक होता, सासूची नक्कल करणारी एक बाई होती. पण आम्हा दोघांचाही लाडका होता पुण्याचा एक तरुण. समोर बसलेल्या माणसाला काहीतरी विचारायचा आणि त्याच्या उत्तरातून विनोद काढायचा. अब्बा म्हणायचे, "या पोराचं डोकं मशीनवानी चालते."

संगीत पुरस्कारांचे सोहळेही आम्ही असेच बघितले. चुकीचं नाव पुकारलं म्हणून अर्ध्या पायऱ्यांवरून परत फिरणारी गायिका, आभार मानता मानता मागून संगीत वाजवून गप्प केलेला गायक, असे प्रसंग मला पाठ होते.

यंदा यवतमाळच्या एका संस्थेने नव्या गायकांना पुरस्कार दिले. त्यात गझलेसाठी माझं नाव होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. असा पुरस्कार घ्यायला कसं जायचं, काय बोलायचं, सांगणारं कुणी नव्हतं. सूत्रसंचालन तोच पुण्याचा कलाकार करणार हे कळल्यावर अब्बांनी दुपारीच दुकान बंद केलं. पालकांना पहिली रांग दिली होती.

तो मंचावर आला, पहिल्या रांगेवरून नजर फिरवली आणि अब्बांवर थांबला. "काका, आपण काय करता?"

अब्बा उठून उभे राहिले. मोठ्या माणसाने काही विचारलं तर ते बसून उत्तर देत नाहीत. "मोटर वाइंडिंग करतो जी. कूलर, पंप, मिक्सर."

"अरे वा. मग हा माइक बघता का जरा? मघापासून खरखरतोय. या ना, वर या."

ही गंमत आहे हे सगळ्या सभागृहाला कळलं. पण अब्बांच्या धंद्यात कुणी 'बघता का' म्हटलं की जाऊन बघायचंच असतं. खिशातला टेस्टर काढून ते पायऱ्या चढू लागले. एकच हशा उठला. कलाकार मागे सरकत म्हणाला, "हे तर खरंच आले. धरा रे, काका अख्ख्या यवतमाळची लाइट घालवतील." एका स्वयंसेवकाने अब्बांच्या कोपराला धरून त्यांना खाली नेलं. अब्बाही हसत होते. ते हसू मी ओळखते. गिऱ्हाईक चार लोकांत वाटेल ते बोलून जातं, तेव्हा ते असंच हसतात.

मी पडद्याआड उभी होते. थोड्या वेळाने माझं नाव पुकारलं. "अच्छा, काकांची मुलगी," तो म्हणाला, "म्हणजे टेस्टर घराण्याची गायिका." पुन्हा हशा.

मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी माइक हातात आल्यावर म्हणाले, "तुम्ही या म्हणालात म्हणून ते आले. बोलावलेल्या माणसाला असं परत पाठवतात का?"

मग तो छातीवर हात ठेवून गुडघ्यांवर बसला आणि आमच्या बोलीची नक्कल करत म्हणाला, "यवतमाळनं मले रोस्ट केलं, राजेहो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा रागही त्याच्या कार्यक्रमातच जमा झाला.

विनोदाला माझी हरकत नाही. पण एका माणसाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने खरं उत्तर दिलं आणि बोलावलं तिकडे तो गेला. यात हसू कशाचं आलं? आणि उलट बोलावं तर माइक त्याचा, लोक त्याचे.

दोन दिवसांत अब्बांच्या त्या प्रसंगाचा व्हिडिओ त्याने इंटरनेटवर टाकला. वर्गातल्या मुली मलाच पाठवू लागल्या. तो काढून टाका, असं मी त्याला लिहिलं. उत्तर आलं, "अगं, काका तर स्टार झाले." मी विचारलं, "टाकायच्या आधी त्यांना विचारलं होतं का?" मग मी संस्थेकडे गेले. संस्थेचे सचिव म्हणाले, "एवढा मोठा माणूस आपल्याकडे आला, तू कायले वाढवून राह्यली?"

मागच्या आठवड्यात मी अब्बांना कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाणार असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "येतो ना. पन मी बाहेर गाडीपाशी राहीन. स्पीकरचा आवाज तिथवर येते."

"काहून? आत बसा ना, अब्बा."

त्यांनी तार कापली, टोक घासलं. "आत कोनी काही विचारलं तं?"

हे वाक्य मी त्या कलाकाराला जसंच्या तसं पाठवलं. त्याने ते वाचल्याचं फोनवर दिसतं. व्हिडिओ अजून तिथेच आहे.