परत सांग

आमच्या धारूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना कुणी नावानं ओळखत नसे. ते 'परत सांग सर'. उत्तर बरोबर असो की साफ चुकलेलं, सरांच्या तोंडून तेवढेच दोन शब्द यायचे. तुम्ही जीव तोडून बोललात, की ते शांतपणे म्हणणार, "परत सांग." दुसऱ्यांदा सांगताना निम्मी पोरं स्वतःच्याच बोलण्यात अडकायची. ज्याला खरंच कळलंय तो कमी शब्दांत सांगायचा. मग सर चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायचे. चष्मा पुसला गेला की पास. 'शाब्बास' वगैरे भानगडच नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेपुढं त्यांचा इलाज नव्हता, पण अंतर्गत मार्क त्यांच्या हातात होते. तिथं ते आमचा पुरता छळ मांडायचे. एकदा चाचणीला आले ते पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच. "चिठ्ठ्या कावून करता? घ्या, अख्खं पुस्तकच देतो!" आम्ही खूश. प्रश्नपत्रिका हातात पडली आणि घाम फुटला. पुस्तकात उत्तर सापडेल असा एकही प्रश्न नव्हता. पुढच्या वेळी म्हणाले, प्रश्न तुम्हीच काढा, मार्क प्रश्नाला देतो. माझा प्रश्न वाचून विचारलं, "याचं उत्तर तुला आधीच माहीत हाय. मग विचारलंस कावून?" असला राग आला होता मला!

शेवटच्या वर्षी तर त्यांनी कहर केला. प्रत्येकानं एक धडा घरच्या माणसाला समजावून सांगायचा, त्या माणसाला कॉलेजात आणायचं आणि सर तोंडी परीक्षा त्याची घेणार. मार्क मात्र आमचे. प्राचार्य म्हणाले, "सर, साधा पेपर लिहून घ्या ना." सर म्हणाले, "पेपरातून पोरांनी काय वाचलं ते कळतं. काय समजलं ते दुसऱ्याच्या तोंडून कळतं."

अम्मी आजीच्या आजारपणात माहेरी गेली होती, म्हणजे न्यायचं तर अब्बांनाच. आणि अब्बांच्या डोक्यात तेव्हा परळीचं स्थळ होतं. मुलाचं कापडाचं दुकान, माणसं सज्जन. माझी परीक्षा झाली की होकार कळवायचा, हे जवळपास ठरलेलं. मला पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं, पण हे मी भिंतीलाही बोलले नव्हते. कॉलेजात काही वेडंवाकडं झालं तर उरलेलं शिक्षणही बंद होईल, ही भीती.

माझ्या वाट्याचा प्रश्न होता, चंद्र पृथ्वीवर पडत का नाही? अब्बांचा बाजारात फळांचा गाडा. घरी आम्ही दखनी बोलतो. पुस्तकातलं सगळं दखनीत आणताना माझी दमछाक झाली. अब्बा मोसंब्या पुसत "हौ, हौ" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "समज्या मैं." माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "बागवानभाई, समजलं?"

"समजलं की! पोरगी लई हुशार हाय."

"मग मलाबी सांगा."

अब्बांनी टोपी सारखी केली. खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडं. शेवटी म्हणाले, "अल्लाची मर्जी."

सर हसले नाहीत. "हिचे मार्क निम्मे. तुमची चूक न्हाई, हिनं नीट सांगितलं न्हाई. पाहिजे तर उद्या परत या."

"ये कैसा मास्टर है!" अब्बा रस्ताभर धुसफुसत होते. मी मनातल्या मनात पुण्याचा नाद सोडून दिला. पण संध्याकाळी त्यांनी गाडा लवकर बंद केला आणि येऊन माझ्यासमोर उंबऱ्यात बसले. "मेरे वजहसे तेरे मार्क गये. बोल, फिरसे बोल." मी सुरू केलं. त्यांनी मध्येच अडवलं. "चाँद गिररा बोलती ना तू? फिर अबतक गिऱ्या कैको नै?"

हे उत्तर मी कितीदा तरी घोटून लिहिलं होतं, आणि मला ते कळलेलंच नव्हतं! मी टोपलीतली मोसंबी उचलली आणि अंगणात हळूच फेकली. ती जवळ पडली. दुसरी जोरात फेकली, ती लांब गेली. अब्बा म्हणाले, "और जोरसे फेकी तो?" मी म्हटलं, "और दूर." "और जोरसे?" आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात लख्ख पडलं. पृथ्वी गोल आहे. इतक्या जोरात फेकली, की ती खाली येईल तितकीच जमीनही वळून खाली जाईल, तर मोसंबी पडतच राहील आणि टेकणार कधीच नाही. अब्बांनी सगळ्या मोसंब्या गोळा करून आणल्या आणि मला आणखी एकदा सांगायला लावलं.

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार. सरांनी विचारायच्या आत सुरू झाले. "पडतोयच की तो, सर! पण म्होरंबी पळतोय. जितका खाली येतो तितकी जमीन वाकून खाली जाती."

"परत सांगा."

अब्बांनी क्षणभर विचार केला. "पडतोय, पण टेकत न्हाई."

सरांनी चष्मा काढला आणि पुसला.

अब्बांची छाती अशी फुगली, की विचारू नका. त्याच भरात त्यांनी विचारलं, "ह्याच्या म्होरं काय शिकवतात, सर?"

"मला कावून विचारता? हिला विचारा."

मी चपलांकडं बघत पुटपुटले, "मला पुण्याला एम.एस्सी. करायचंय."

"परत सांग," सर म्हणाले. "खाली बघून न्हाई. अब्बांकडं बघून."

मी सांगितलं. त्या आठवड्यात अब्बांनी परळीला फोन केला. "लडकी अभी पढरी," एवढंच बोलून ठेवून दिला.

आज मी पुण्यात शिकवते. हल्ली चाचण्या मोबाइलवर होतात, चारांतला एक पर्याय निवडला की मार्क आपोआप पडतात. मीही घेते, घ्याव्याच लागतात. पण सत्रात एकदा पोरांना सांगते, घरचं माणूस घेऊन या. पोरं मला मनातून शिव्या घालत असतील. घालू देत, मीही सरांना कमी घातल्या नव्हत्या. सरांचे उपकार फिटणारे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत. मला स्वतःच्या तोंडून माझी इच्छा बोलायला त्यांनीच लावलं.

यंदा धारूरहून वर्गमैत्रिणीचा फोन आला. सर गेले. अब्बा आता माझ्याकडंच असतात. खुर्चीत बसून मोसंबी सोलत होते. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "अब्बा, सर गुजर गये."

त्यांचा हात थांबला. अब्बा माझ्याशी आयुष्यात कधी मराठी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"परत सांग."

मला परत सांगता आलं नाही.