मी पडले नव्हते

फावड्याचा दांडा माझ्या डाव्या जबड्यावर बसला. आवाज मोठा झाला नाही. वाळकी काटकी मोडावी, तेवढाच.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमचं गाव माणदेशातलं, कोरडं. दिवाळीनंतर आम्ही धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचो. उंब्रजजवळच्या एका मालकानं आपणहून बोलावलं होतं, खतासाठी रानात मेंढरं बसवायला. त्यातली एक मेंढी त्याच्या उसात शिरली. मी तिला हाकलायला धावले. मालक मागून आला.

"सांभाळाय येत न्हाई तर आणता कशाला रं, भिकारड्यांनो?"

आणि दांडा.

बा पळत आला. मला वाटलं, मला उचलेल. त्यानं आधी मालकाच्या पायाला हात लावला. "चुकलं मालक. पोरगी हाय. पदरात घ्या."

माझ्या तोंडातून रक्त गळत होतं. मालक म्हणाला, "दवाखान्यात नेलीस तर पडली म्हणून सांग. फुडल्या साली यायचं असंल तर."

बानं कराडच्या डॉक्टरला तेच सांगितलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. हाड आत मोडलंय, हे कुणाला कळलंच नाही. पुढं उजवा जबडा वाढत गेला, डावा तिथंच थांबला. हनुवटी डावीकडं सरकत गेली. दर वर्षी थोडी थोडी.

आश्रमशाळेत मला 'वाकडी' म्हणायचे. नाव कुणी घेत नव्हतं. काय झालं म्हणून विचारलं की मीसुद्धा सांगायचे, पडले. इतक्यांदा सांगितलं, की मला ते पडणं आठवायला लागलं. उतार, दगड, सगळं.

शिकले. कराडला एका पतसंस्थेत लागले. पहिल्याच आठवड्यात व्यवस्थापक म्हणाले, "तुम्ही आतल्या खोलीत बसत जा. काउंटरला लोक येतात. राग मानू नका."

मी राग मानला नाही. काहीच मानलं नाही. आत जाऊन बसले. त्या खोलीला खिडकी नव्हती. बरीच वर्षं तिथं काढली.

मग एकदा सांगलीला गेले. जबडा सरळ करतात, असं ऐकलं होतं. डॉक्टरबाईंनी स्कॅन काढला. पडद्यावर माझी कवटी फिरवून दाखवली. उजवी बाजू आरशात दिसावी तशी उलटी करून डावीवर ठेवली. जिथं हाड कमी होतं, तिथं रंग भरला गेला.

"एवढं कृत्रिम हाड घालायचं. तुमच्याच मापाचं बनवून घेऊ. दुसऱ्या कुणाला ते बसणार नाही." मग विचारलं, "हे झालं कशानं?"

"पडले."

त्या लिहायच्या थांबल्या, माझ्याकडं बघत राहिल्या. माझ्या उत्तरानंतर असं कुणी कधी थांबलं नव्हतं.

"मारलं," मी म्हणाले. "मालकानं."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तोंडाच्या आतून चिरून त्याचे तुकडे बसवले, स्क्रूनं हाडाला आवळले. बाहेर व्रण नाही. सूज उतरल्यावर आरशात बघितलं. हनुवटी मधोमध. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. चहा ओघळला तर समोरच्यानं सांगावं लागायचं. बाई म्हणाल्या होत्या, जाण हळूहळू येईल, कदाचित पूर्ण येणार नाही. आतून मी आधीपासून तशीच बधिर होते. त्यात नवीन काही नव्हतं.

संस्थेत मला काउंटरला बसवलं. कुणी न सांगता, न विचारता. जणू मी तिथलीच.

वार्षिक सभेत इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल माझा सत्कार ठेवला. बाला बोलावलं, तो नवा पटका बांधून आला. शाल द्यायला उठले ते संचालक. संचालक म्हणजे तोच मालक. निवडून येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. संस्थेत यायचा, माझ्यासमोरून जायचा. कधी ओळख दाखवली नव्हती. त्या दिवशी माइकवर दाखवली.

"ही आमच्याच रानात वाढलेली धनगराची पोर. ल्हानपणी पडली, तोंड वाकडं झालं. आता बघा! काय दिसतंय का? कायसुदिक न्हाई!"

टाळ्या वाजल्या. त्या आवाजात माझ्या खांद्यावर शाल घालताना तो वाकला आणि हळूच म्हणाला, "बरं झालं. मिटलं एकदाचं."

मी माइक घेतला. ओठ थरथरत होता का नव्हता, मला सांगता येणार नाही.

"मी पडले नव्हते. तुमी मारलं मला. फावड्याच्या दांड्यानं. मेंढी उसात गेली म्हणून."

शाल काढून खुर्चीवर ठेवली. कुणीतरी माइक बंद केला. मालक हसतच राहिला. थांबावं कसं, ते त्याला उमगत नव्हतं.

बा बाहेर भिंतीला टेकून उभा होता.

"कशाला काढलंस? आपली मेंढरं अजून त्याच्याच रानात बसत्यात."

"उठीव."

"आन न्यायची कुठं?"

"ठावं न्हाई. पर तिथनं उठीव, बा."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात माझी दूर खंडाळ्याच्या शाखेत बदली झाली. व्यवस्थापक म्हणाले, "सभेत असं बोलायचं नसतं, मॅडम." मेंढरांमागं आता माझा भाऊ असतो; त्यानं ती उठवली, पार वारणेकडं नेली. वाट लांब पडते, चारा कमी. बा अजून माझ्याशी बोलत नाही. मला वाईट वाटायला पाहिजे. वाटेल तेव्हा वाटेल.

तोंड वाकडं होतं तोवर निदान खूण तरी होती. आता ती नाही. हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो 'मिटलं' म्हणाला. मलाही ठाऊक आहे, म्हणून आता मी सांगणार. खंडाळ्यात सांगणार. आमच्या गावच्या जत्रेत सांगणार. उंब्रजच्या चौकात उभी राहून, त्याचं नाव घेऊन सांगणार. कुणी ऐको, न ऐको.