जाकिटाचा डावा खांदा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही, ज्यांच्याबरोबर रोज सकाळी फिरायला जातो त्या म्हाताऱ्यांनाही नाही. संधी मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही — दहा-बारा वेळा तरी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर लोकांनी मला सज्जन म्हणायचं सोडलं असतं, आणि सज्जन म्हणवून घ्यायची सवय मला फार जुनी आहे. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझ्यात हिंमत आहे ती एवढीच.

गोष्ट एका जाकिटाची आहे. चामड्याच्या. हसाल तुम्ही — मुंबईत चामड्याचं जाकीट? जानेवारीतले आठ दिवस सोडले तर इथे बनियनसुद्धा अंगाला जड होतो. पण सत्तर सालच्या आसपास घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत ज्याला मिसरूड फुटलं होतं त्या प्रत्येकाला ते हवं होतं. पडद्यावरचे हिरो घालायचे ना. पाठ घामाने भिजून जायची, पण जाकीट उतरायचं नाही.

माझं जाकीट गंगारामने शिवलं होतं. आम्ही तेव्हा कुर्ल्याला राहायचो, माझे वडील गिरणीत होते. गंगाराम आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर. तो चांभाराचा. त्याचे वडील स्टेशनच्या जिन्याखाली चपला शिवत बसायचे. मी त्याच्या घरी जेवलो आहे, कितीतरी वेळा, आणि आईला एकदाही सांगितलेलं नाही. आमच्या घरी तो यायचा तेव्हा त्याचा कप वेगळा असायचा. तो कप मी स्वतः धुतलाय — पण बाकीच्या कपांत कधी ठेवला नाही. आणि तरी आपण कसे सुधारलेले, असा माझा समज होता.

सातवीनंतर त्याने शाळा सोडली आणि एका कारखान्यात पाकिटं, पट्टे, बॅगा शिवायला लागला. मी बी.ए. झालो आणि घरी बसलो. हात त्याचे बघत राहावेत असे होते. एकदा त्याने चोरबाजारातून एक जुनं जाकीट आणलं — लढाईतलं, कुणा गोऱ्या वैमानिकाचं, कॉलरला कसर लागलेलं. घरी आणून टाका टाका उसवला, तुकडे जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडले आणि आठवडाभर नुसता बघत बसला. मग आतलं लोकरीचं अस्तर काढून त्याजागी मलमल, जाड कातड्याऐवजी मेंढीचं मऊ कातडं, कॉलर लहान, कंबर वर घेतलेली. गोऱ्यांच्या थंडीतलं जाकीट त्याने आपल्या उकाड्यात आणलं.

मी चिडवायला म्हटलं, म्हणजे नक्कलच की. तो म्हणाला, "नक्कलच आहे रे. पण कुणाची, ते मी विचारेल त्याला सांगतो. न सांगता घेतलं तर ती चोरी."

हे वाक्य माझ्या चांगलं लक्षात राहिलं. कशासाठी राहिलं ते पुढे येईलच.

त्याआधी माझ्याबद्दल एक. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, जन्मापासून. फार नाही, दोन बोटं. पण शाळेतल्या पोरांचे डोळे तीक्ष्ण असतात — ती मला 'तराजू' म्हणायची. गंगाराम कधी म्हणाला नाही. मी जन्मभर आरशासमोर तिरका उभा राहिलो आणि फोटोत कुणाच्या तरी मागे लपलो. म्हणजे हे माझं दुखणं किती मोठं होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. दया यावी म्हणून नाही.

त्याने माझं माप घेतलं. टेप डाव्या खांद्यावर आली तेव्हा त्याची बोटं जराशी थांबली. मग त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. पंधरा दिवसांनी जाकीट तयार. कातड्याचेच पैसे घेतले, शिलाई नाही. मी ते अंगात चढवलं, आरशात पाहिलं — आणि समोर सरळ माणूस. डाव्या खांद्यात त्याने आतून गादी भरली होती. डावा खिसा बोटभर वर लावला होता, म्हणजे माझ्या अंगावर दोन्ही खिसे एका रेषेत दिसावेत. इतकं बेमालूम, की ज्याला माहीत नाही त्याला कळू नये. मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल, मला भरून आलं असेल. मला राग आला. ज्याने आपल्याला उघडं पाहिलंय त्याचा येतो ना, तसा. आभार मानायचे तर आधी खांदा कबूल करायला हवा होता — आणि तो मी कुणापुढेच केला नव्हता. जाकीट मात्र घालून हिंडलो.

डिसेंबरात अंधेरीला एका लग्नात एक शेटजी भेटले. वांद्र्याला तयार कपड्यांचं मोठं दुकान. त्यांनी माझी कॉलर चिमटीत धरून पाहिली, शिवण पाहिली, आणि विचारलं, हे कुणी बनवलं? साधा प्रश्न. 'गंगाराम, कुर्ला' — दोन शब्दांत उत्तर झालं असतं. मी म्हणालो, डिझाइन माझं आहे.

नोकरी नव्हती म्हणून म्हणालो? वर्षभर बेकार होतो, हे खरं. पण तोंडातून ते निघालं तेव्हा नोकरी डोक्यातही नव्हती. म्हणायला बरं वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जाकीट घेऊन दुकानात गेलो. मागच्या खोलीत कटिंग मास्तरांनी ते पार उसवलं आणि एकेक तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून फर्मे कापले. मास्तर म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका. गादी तशीच, खिसा तसाच. एकदा मान वर करून त्यांनी विचारलं, डावी बाजू अशी का? मी म्हणालो, फॅशन आहे. म्हणजे तेव्हा तरी मला कळत होतं ना, की मी काय देतोय? पूर्ण कळत होतं.

माझं जाकीट त्यांनी परत शिवून दिलं ते असं ओबडधोबड, की गंगारामला दाखवायची सोय नव्हती. मग त्याला सांगितलं, लग्नाच्या हॉलमधून चोरीला गेलं. तो माझ्यापेक्षा जास्त हळहळला. दुसरं शिवून देतो म्हणाला.

आणि माल खपला हो. सहा महिन्यांत जो तो ते जाकीट घालून हिंडायला लागला. धडधाकट, सरळ खांद्यांची पोरं — आणि सगळ्यांचा डावा खांदा वर आलेला, डावा खिसा चढलेला. त्यांना वाटायचं हीच स्टाईल. माझं व्यंग अख्ख्या उपनगरात मिरवत होतं, उलटं होऊन. मी मनात हसायचो. शेटजींनी मला नोकरीवर ठेवलं होतं, कारखान्यात माल तपासायला.

गंगारामने त्याच सुमाराला कुर्ल्याला एक चिंचोळा गाळा घेतला. वर पाटी रंगवली, पाटीवर स्वतःचं नाव. त्यांच्या सात पिढ्यांत कुणाचं नाव पाटीवर लागलं नव्हतं. वडिलांना त्याने जिन्याखालून उठवून खुर्चीवर बसवलं. मी गेलो होतो, पेढाही खाल्ला. नोकरी वांद्र्याला ऑफिसात लागलीय, एवढंच सांगितलं. त्याचं सगळं त्या गाळ्यावर होतं, आणि गाळ्याचं सगळं त्या जाकिटावर. तीन टांगली होती, दोन्ही खांदे सारखे, नीट बेतलेली.

गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि म्हणायचं, हे तर वांद्र्याच्या दुकानाची नक्कल. आणि नक्कलही धड नाही, खांदा उचललेला नाही.

शेवटी तो वांद्र्याला बघायला आला. मी त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत होतो, आवाजावरून ओळखलं. तो शेटजींना सांगत होता, "शेट, हा नमुना चोरीचा आहे. माझ्या दोस्ताचं जाकीट पळवलं कुणीतरी, त्याच्यावरून काढलाय." कळतंय ना? माझ्या वतीने भांडायला आला होता. "मी सिद्ध करून देतो," म्हणाला. "हे एकाच माणसाच्या मापाचं आहे."

मी बाहेर आलो. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"बाळ्या, तू पण इथेच? बरं झालं. सांग ह्यांना. जरा घालून दाखव रे, तुझा खां—"

आणि थांबला. त्याने माझं तोंड पाहिलं होतं. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, सगळी आमच्याकडे बघत होती. एक शब्द पुरा केला असता तर त्याचं नाव, गाळा, पाटी, सगळं वाचलं असतं. त्याने तोंड मिटलं. माझी लाज राखायला मिटलं, हे मला त्याच क्षणी समजलं.

समजल्यावर मी काय केलं?

"शेटजी," मी म्हणालो, "हा आमच्या कुर्ल्याचा चांभार. मी ह्याच्याकडून शिवून घेतलं होतं. हात ह्याचे, डोकं माझं. आता म्हणतोय, डोकंही ह्याचंच."

लोक हसले. मला पुढे बोलायची गरज नव्हती. तरी बोललो. म्हणालो, आणि ह्याने तरी काय नवीन केलं, एका गोऱ्याच्या जाकिटावरून उतरवलंय, विचारा त्यालाच. शेटजींनी विचारलं. आणि तो — विचारेल त्याला सांगणारा — म्हणाला, "हो, ते खरं आहे."

झालं. गिऱ्हाइकांतला एक म्हणाला, मग चपला शिव की बाबा. गंगारामने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेला.

मी भ्यालो होतो, असं लिहायचं मनात होतं. तसं लिहिलंही होतं, खोडलं. भीती नव्हती. मला मजा आली. माझा खांदा ज्याच्या बोटांना माहीत होता तो माणूस चारचौघांत लहान होताना पाहून मला फार, फार बरं वाटलं. तुमच्या आयुष्यात असं कधी झालंय का, मला ठाऊक नाही. माझ्या झालंय.

त्या दिवसानंतर वर्षही न भरता गाळा गेला. वडील परत जिन्याखाली. गंगारामने शाळेतल्या कुणाला, घरच्या कुणाला माझ्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही — माझी आई मरेपर्यंत विचारायची, "तो गंगाराम खंय असता रे हल्ली?" — आणि मी सांगायचो, त्याला वेळ नसतो. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. निरोप आला होता. गेलो नाही.

इथे थांबलो तरी कबुली झाली असं तुम्ही म्हणाल. पण जे सांगायला बसलो ते हे नाहीच. हे मी स्वतःशी तरी अधूनमधून बोलतो. पुढचं तेही नाही.

गाळा गेल्यावर दोनेक वर्षांनी आमच्या कारखान्यात नगावर काम करणारे कारागीर वाढवले. फोरमनने माणसं घेतली, मी नावं पाहिली नव्हती. एके दिवशी फोरमन एक जाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "साहेब, ह्या नव्या माणसाने फर्मा सोडून शिवलंय. खांद्यात गादीच नाही." मी ते उलटसुलट पाहिलं. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही खिसे एका रेषेत. त्या कारखान्यातून निघालेलं पहिलं नीट जाकीट होतं ते. शिवण बघूनच मी ओळखलं.

त्याला बोलावलं. केस अकाली पिकले होते. मी त्याच्याकडे बघत होतो, तो जाकिटाकडे. आजूबाजूला डझनभर कारागीर, मशिनं थांबलेली. मी 'चालेल' म्हणालो असतो तर ते चाललं असतं. त्याहून पुढे जाऊन, फर्माच बदला, असं मी मास्तरांना सांगू शकलो असतो. शेटजी माझं ऐकायचे. दुसरं काही नाही, तर त्याला जागेवर जाऊन काम करू देता आलं असतं.

मी म्हणालो, "नमुन्याप्रमाणे नाही. उसव. इथेच."

तो माझ्या टेबलाजवळ जमिनीवर बसला आणि उसवायला लागला. कातड्याला एकदा भोक पडलं की पडलं, म्हणून जुन्याच भोकांतून सुई काढायची असते; वेळ लागतो. मी उभा राहून बघत होतो. अर्धा-पाऊण तास. त्याने डाव्या खांद्यात गादी घातली, डावा खिसा वर चढवला, दोरा दातांनी तोडला. माझ्या मापाची गादी, फर्म्याला हात न लावता, बरोब्बर. त्याला फर्मा लागणार होता थोडाच?

मग उठला आणि दोन्ही हातांनी जाकीट माझ्यापुढे धरलं.

"साहेब, आता बघा."

मी पाहिलं. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, खिशात हात घालून पाहिलं. शिक्का मारला. तो जागेवर गेला, मशिनं परत चालू झाली. जेवणाची वेळ झालीच होती. मी हात धुतले आणि डबा उघडला. आईने वांग्याचं भरीत दिलं होतं. मी ते चवीने खाल्लं, आणि शेवटी डबा बोटाने पुसून घेतला.