वहिनीनं जुळवलेलं मशीन

आमची वहिनी हळू बोलते, म्हणून ती सगळ्यांचं मुकाट्यानं ऐकते असा लोकांचा गैरसमज होतो. खुद्द दादाचाही झाला होता, म्हणजे बघा.

नोकरी सोडून ती घरीच व्हिडिओ एडिटिंग करायला लागली होती. एका नाटकमंडळीनं तिला तीन कॅमेऱ्यांवर टिपलेलं अख्खं नाटक जोडायला दिलं. जमलं तर पुढची सगळी नाटकं तिची. नाही जमलं तर मुकाट पुन्हा ऑफिसची खुर्ची, असं तिनंच स्वतःला बजावलं होतं. आणि आमचा जुना कॉम्प्युटर पहिल्या अंकातच मान टाकत होता.

"कंपनीचा तयार घे," दादा म्हणाला. "बिघडला तर कुणाला तरी धरता येतं."

"मी जुळवते. बिघडला तर मला धर," वहिनी म्हणाली.

पैसे तिचे आणि माझे, अर्धे अर्धे. मी नणंद. दिवसा नोकरी, संध्याकाळी गेम. माझं सगळं आधीच ठरलं होतं: दुकानातलं सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड, काचेचा कॅबिनेट आणि आत रंगीबेरंगी दिवे. वहिनीनं मला जुन्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसवलं आणि कोणत्या भागावर किती ताण येतोय ते शेजारी बसून पाहत राहिली. मग स्वतः एडिटिंगला बसली आणि मला पाहायला लावलं. गेममध्ये कार्डाची दमछाक होत होती, एडिटिंगमध्ये मेमरी तुडुंब भरत होती.

"ज्याला धाप लागते त्याच्यावर पैसे घालायचे," ती म्हणाली. "दिव्यांना धाप लागलेली कधी पाहिलीस?"

मी तोंड फुगवून बसले. तिनं फुगू दिलं.

कॅबिनेट जुनाच ठेवला, पण नवं कार्ड आत मावेल का हे पट्टीनं मोजून. मेमरी भरपूर घेतली. कार्ड मधलंच, तरी माझ्या गेमला पुरून उरेल असं. प्रोसेसर मात्र असा निवडला, की ज्याला कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दाखवताच येत नाही. "कार्ड आहेच की, एकाच कामाचे दोनदा पैसे कशाला?" तिथं वाचलेले पैसे तिनं सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवर घातले. "ताई, स्वस्तातला पण चालेल," दुकानदार म्हणाला. वहिनी गोड हसली आणि चांगलाच घेतला.

जेवणाच्या टेबलावर जुळणी झाली. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळाठिक्कर. दादाच्या भुवया वर गेल्या. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं मेमरी काढून पुन्हा बसवली, तरी तेच. मी टेबलामागे वाकले आणि मला हसू आवरेना. जुन्या सवयीनं तिनं स्क्रीनची वायर कार्डाला लावायची सोडून मदरबोर्डला, म्हणजे प्रोसेसरकडून चित्र घेणाऱ्या खाचेत, लावली होती. म्हणजे ज्याला दाखवता येत नाही असा प्रोसेसर हिनंच पारखून आणला, आणि दाखव म्हणून त्याच्याच मागे लागली होती! मी वायर काढून कार्डाला लावली. स्क्रीन उजळला आणि वहिनीनं मला घट्ट मिठी मारली.

नाटक ठरल्या दिवशी जोडून पुरं झालं. मशीन एकदाही अडलं नाही. मंडळीच्या तालमीच्या खोलीत सगळ्यांनी ते पाहिलं, आम्ही तिघं मागे उभे होतो. पडदा पडला तेव्हा दिग्दर्शक वळून म्हणाले, "पुढच्या नाटकाचं शूटिंग लगेच पाठवतो. पण हे केलंत कुठल्या स्टुडिओत?"

वहिनीनं तोंड उघडायच्या आत दादाच पुढे झाला. "स्टुडिओ कसला? आमच्या जेवणाच्या टेबलावर. मशीनसुद्धा हिनंच जुळवलंय, एकेक भाग निवडून."

वहिनी लाजली. मला इतका अभिमान वाटला की गप्प राहणं शक्यच नव्हतं.

"आणि वायर मी लावली," मी ठणकावून सांगितलं.