एका अक्षराची कमांड

लॅबच्या बाई कुणाच्याही कॉम्प्युटरसमोर बसल्या की आधी माऊस बाजूला सारायच्या. हाताच्या पाठीनं, जेवण झाल्यावर ताट सारावं तसा. मग चष्मा खाली ओढून कीबोर्ड जवळ घ्यायच्या आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडायच्या. त्या खिडकीत चित्र नाही, बटण नाही, नुसती एक लुकलुकणारी रेघ. तिथं त्या दोन-चार शब्द टाईप करायच्या, एंटर दाबायच्या, आणि पडद्यावरची अक्षरं मोठी व्हायची, किंवा माऊसचा बाण जाड व्हायचा, किंवा डोळ्यांना खुपणारा उजेड मवाळ व्हायचा. "माऊसनं नुसतं बोट दाखवता येतं," त्या म्हणायच्या, "मला मशीनशी बोलायचं असतं."

आमच्या रोह्याच्या कॉलेजात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या लॅबच्या बाईच. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात त्यांचं घर. वडील मिठागरात कामाला होते. बाई बारावीनंतर पेणला कॉम्प्युटर शिकल्या, लॅब असिस्टंट म्हणून आमच्याकडे लागल्या आणि पुढची सगळी वर्षं पेण-रोहा असं रोज गाडीनं येत-जात राहिल्या. लॅबमध्ये वीस जुनी मशीनं होती, कुठल्याशा कंपनीनं बदलून टाकलेली. बाईंनी त्यांवर फुकट मिळणारी प्रणाली घालून ती चालती ठेवली होती.

एकदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी पोरांनी वीसच्या वीस पडदे उलटे करून ठेवले. बाहेरगावचे परीक्षक दारात उभे आणि आत सगळी अक्षरं डोक्यावर. माऊस डावीकडे न्यावा तर बाण उजवीकडे पळे, वर न्यावा तर खाली. कॉम्प्युटर शिकवणारे सर घामाघूम झाले. बाई आल्या, माऊस सारला, मान वाकडी करून एक ओळ टाईप केली. पडदा सरळ. तीच ओळ आपल्या जागेवरून बाकीच्या मशीनांना धाडली आणि एकेक पडदा झोपेतून उठल्यासारखा सरळ होत गेला. परीक्षा झाल्यावर त्यांनी पोरांना एवढंच विचारलं, "उलटं करायची कमांड कुणी शोधली? हुशार हाय तो. त्यानं उद्या येऊन सगळ्यांना सरळ करायची शिकवायची." तक्रार वगैरे काही नाही.

मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. दाखले, बोनाफाईड, परीक्षेचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावर. अठरा वर्षं मी कीबोर्डकडे न बघता टाईप करत होते. आणि एका सकाळी डबा भरताना माझ्या उजव्या हातातून पळी गळून पडली. मी ती उचलायला वाकले ती तिथंच बसले. अर्धांगवायूचा सौम्य झटका होता, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. पाय आठ दिवसांत सावरला. हात मात्र मागं राहिला. बोटं हलायची, पण त्यांना उशीर व्हायचा. दाबलेलं बटण सोडायचं हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

चार महिन्यांनी कामावर रुजू झाले. पहिल्याच दाखल्यात 'कल्पना' लिहायला गेले तर पडद्यावर 'ककककककल्प'. पुसायला गेले तर बोट पुसायच्या कीवर अडकलं आणि अख्खी ओळ गेली. माऊसचं दुहेरी क्लिक तर जमेचना. एक क्लिक झाल्यावर दुसरं व्हायला इतका वेळ लागे की मशीन ते विसरून जाई. शेजारच्या टेबलावरचा पाटील चांगला माणूस. माझे दाखले तो न सांगता आपल्याकडे ओढून घेऊ लागला. त्यानं मला जास्तच लागायचं. दहाव्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून हळुवारपणे सांगितलं, की संस्थेचे सचिव महिनाअखेरीला येऊन काम बघतील. झेपत नसेल तर लवकर निवृत्ती घ्यायचा मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. "टाईप कर गो. मी नुसती बघते."

"बाई, कशाला? लाज वाटते मला."

"माझी कसली लाज? कर तू."

अर्धा तास त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या. मध्ये मध्ये वहीत आकडे लिहीत होत्या. शेवटी वही मिटली. "हात बरा हाय तुझा. मशीनच उतावळं हाय. अर्धा सेकंद बोट टेकलं की त्याला वाटतं, हिला हेच अक्षर पुन्हा पुन्हा पायजे. त्याला सांगू, थांब जरा."

काळ्या खिडकीतली त्यांची पहिली कमांड फसली. बोटाचा कंप गाळायला म्हणून त्यांनी असं काही लावलं, की मी दाबलेली निम्मी अक्षरं उमटेचनात. माझे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, "माझी चूक. आकडा मोठा धरला मी. तुझा काय संबंध?" आणि पुन्हा बसल्या. असे सहा दिवस गेले. अक्षर पुन्हा उमटायच्या आधीचा तो अर्धा सेकंद त्यांनी वाढवत वाढवत दीड सेकंदावर नेला. माऊस डाव्या हातासाठी उलटा करून दिला, त्याचा वेग निम्मा केला, दोन क्लिकमधली सवड वाढवली, बाण मोठा केला. सातव्या दिवशी मी 'कल्पना' लिहिलं. एकच क. बाईंनी पिशवीतून पोह्यांचे पापड काढून माझ्या टेबलावर ठेवले.

एवढं बारीक बघायला तुम्ही कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या बापाचे हात मिठानं सोललेले असायचे. भाकरी मोडायला गेला की चरचरायचं. पण बोलायचा नाय. आई बघून बघून समजली, मग भाकरी मोडूनच ताटात वाढायची. तीपण बोलायची नाय." एवढं सांगून त्यांनी विषय बदलला.

एक अडचण राहिली होती. ऑफिसात मशीन एकच होतं. दुपारनंतर त्यावर पाटील बसे, आणि माझा उलटा माऊस त्याच्या हातात आला की त्याची तारांबळ उडे. म्हणून बाईंनी माझी सगळी मांडणी एका छोट्या फाईलमध्ये भरून ठेवली. रोज सकाळी गाडीतून उतरून आल्या की आधी ऑफिसात डोकावायच्या, काळ्या खिडकीत काहीतरी टिचकी मारायच्या आणि मशीन माझं व्हायचं. मशीन बंद होऊन सुरू झालं की पुन्हा जसंच्या तसं, सगळ्यांचं. "तुझं तू शिकून घे गो," त्या म्हणायच्या. मी टाळायची. त्या काळ्या खिडकीची मला भीतीच वाटे. आपलं बोट अडकलं आणि भलतंच काही झालं तर?

सचिव यायचे त्या दिवशी बाई दहाला आल्या नाहीत. साडेदहाला मी फोन लावला. "कासू स्टेशनात गाडी उभी हाय पाऊण तास," त्या म्हणाल्या. "पुढं काय बिघडलंय कोण जाणे. साहेब आले?"

"अकराला येतायत. बाई, मशीन पाटलांचंच आहे अजून. मला एक ओळ लिहिता येत नाहीये." माझा आवाज फाटला होता.

"पाटलाला कर म्हण ना."

"ते बाहेरगावी गेलेत आज. ऑफिसात मी एकटीच आहे."

"बरं. रडू नको. खाली कोपऱ्यात काळी खिडकी हाय, तिच्यावर एकदाच क्लिक कर. उघडली? आता इंग्रजी एस दाब. तुझ्या नावाचा एस. मग एंटर. झालं."

"नुसता एस?"

"तुला लांब कमांड द्यायला मी येडी हाय काय?"

मी एस दाबला. बोट नेहमीसारखं त्या कीवर बसून राहिलं. उचललं तेव्हा पडद्यावर पाच एस होते. "बाई, चुकलं! पाच झाले. पुसू? पुसायला गेले तर…"

"काय पुसू नको. एंटर दाब."

"पण पाच झालेत!"

"दाब गो तू."

मी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग माऊसचा बाण मोठा झाला. मी डाव्या हातानं माऊस धरला, तर तो माझा होता. एक क टाईप केला. एकच उमटला.

"बाई, झालं! कसं झालं?"

फोनमधून गाडीच्या डब्यातली माणसं बोलताना ऐकू येत होती. बाई म्हणाल्या, "एक एसपास्नं बारा एसपर्यंत सगळ्या नावांच्या फायली करून ठेवल्यात. सगळ्यांत तीच कमांड हाय. तुझं बोट कुठं थांबेल मला काय ठाऊक?"

मी फोन कानाला धरून हसायला लागले, आणि हसता हसता खुर्चीत टेकून मोठा श्वास घेतला. आजारी पडल्यापासून असा श्वास घेतल्याचं मला आठवत नव्हतं.

सचिव आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी दोन बोनाफाईड आणि एक दाखला करून दिला. सावकाश केला, पण अचूक. त्यांनी कागद वाचले, सही केली आणि विचारलं, "डाव्या हातानं माऊस चालवता?" मी हो म्हटलं. "छान," ते म्हणाले आणि चहा न घेता प्राचार्यांच्या खोलीत गेले. निवृत्तीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बाई बाराला पोचल्या, माझं तोंड बघितलं आणि लॅब उघडायला गेल्या.

दीड वर्षानं त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांची भाषणं झाल्यावर त्यांना बोलायला सांगितलं, तर म्हणाल्या, "मला माईकवर जमत नाय. लॅबच्या चाव्या कपाटात हायत." जाताना त्यांनी मला ती फाईल उघडून दाखवली आणि दीड हजार हा आकडा दाखवला. दीड सेकंद म्हणजे दीड हजार मिलिसेकंद. "हात सुधारला की हा हळूहळू कमी करत जा. शंभर-शंभरानं. घाई नाय. आणि मला सांग."

मी व्यायाम करत होते, तेल लावून घेत होते, मऊ चेंडू दाबत होते. डॉक्टर विचारायचे, फरक वाटतो का? मला नेमकं सांगता यायचं नाही. पण तो आकडा मला कळत होता. चौदाशे झाला तेव्हा मी पेणला फोन केला. तेराशेला केला. हजाराला केला, तेव्हा बाई शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या, म्हणाल्या, "चार आकड्यांत आता पुन्हा नाय यायचं." सातशेवर मी तीन महिने अडकले. त्या तीन महिन्यांत मी फोन केला नाही, तर त्यांनीच केला आणि हाताबद्दल चकार शब्द न काढता वडखळच्या रस्त्याचं काम कुठवर आलंय ते सांगत बसल्या.

गेल्या आठवड्यात मी काळ्या खिडकीत शेवटचा बदल केला. माझ्या उजव्या हातानं, एकेक अक्षर नीट टाईप करून. मग पानभर मजकूर लिहून बघितला. कुठलंही अक्षर दोनदा उमटलं नाही. मी पेणला फोन लावला.

"किती?" बाईंनी विचारलं.

"पाचशे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचा असतो तेवढाच, बाई."

त्यांनी फोन बाजूला धरून आत स्वयंपाकघरात सुनेला मारलेली हाक मला स्पष्ट ऐकू आली. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"अगो, ऐकलंस काय? आमच्या सुनंदाचा हात आला गो!"